उभ्याने खाल्लेलं

"मॅडम, सगळं बंद केलं हो. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. आंबा तर दोन वर्षं तोंडाला लावला नाही. तरी शुगर खाली येत नाही. आता काय हवा खाऊन राहू?"

हे वाक्य मी आठवड्यातून तीन-चारदा ऐकते. साताऱ्यात एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसायला लागून मला १६ वर्षं झाली. बोलणारी माणसं बदलतात, कधी निवृत्त कंडक्टर, कधी शाळेतल्या बाई, पण सूर तोच. पूर्वी मी लगेच आहाराचा तक्ता काढून समोर ठेवायचे. आता ठेवत नाही. का, ते एका ताईंच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी मोजक्या बोलण्यांत आणल्या आहेत.

ताई ५८ वर्षांच्या, मधुमेह नऊ वर्षांचा. घरात मिस्टर, मुलगा, नोकरी करणारी सून आणि पाच वर्षांचा नातू. पहिल्या भेटीला मिस्टर सोबत होते आणि फाइल त्यांच्याच हातात होती. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४ होतं, चार महिने कडक पथ्य केल्यावर ते ८.६ झालं होतं.

"म्हणजे ही काहीतरी चोरून खातेय," मिस्टर म्हणाले. "मी तर ताटावर लक्ष ठेवून असतो."

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. रोजचं खाणं वेळेसकट लिहिलेलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, मग मुगाचं धिरडं. दुपारी एक ज्वारीची भाकरी, मेथी, ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री पुन्हा एक भाकरी, वरण, काकडी.

वही खोटी नव्हती. खोटी वही मला आता ओळखता येते. तिच्यात शाई एकच असते, कारण ती आदल्या रात्री एका बैठकीत लिहिलेली असते. ही तीन पेनांनी लिहिलेली होती आणि दोन पानांवर हळदीची बोटं उमटली होती. बाई खरं लिहीत होत्या, आणि रक्ताचा रिपोर्टही खरा होता. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब दाखवतं. तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहून तो फिरवता येत नाही. दोन्ही खरं असेल तर मधलं काहीतरी सांगायचं राहत होतं.

मिस्टरांना पुढच्या भेटींपासून बाहेर बसायची विनंती केली. दोन भेटी नुसत्या मन मोकळं करण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत मी वही बाजूला सारली.

"ताई, खाण्याचं सोडा. काल सकाळी उठल्यापासून काय काय कामं केलीत, तेवढं सांगा."

त्या खुलल्या. दूध, डबे, सुनेची गडबड, नातवाला भरवणं. "मग त्याची ताटली आवरली, मग..."

"आवरली म्हणजे?"

"तूप-साखर-पोळी घेतो ना तो. अर्धी राहतेच रोज. ती काय टाकायची?"

"मग काय केलंत?"

"खाल्ली." त्या थांबल्या. मग जरा घाईने म्हणाल्या, "पण ते काय खाणं झालं का मॅडम? ओट्याशी उभ्याउभ्या. ते आवरणं."

"वहीत आहे ते कुठलं?"

"बसून खाल्लेलं."

"आणि उभ्याने खाल्लेलं?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाताशी आलेलं निसटतं, म्हणून मी गप्प बसले. मग त्या बोटांवर मोजू लागल्या. कुकरच्या तळाशी राहिलेला भात, डावभर, रोज. सगळ्यांचा चहा गाळल्यावर उरणारा अर्धा कप, साखरेचा. डब्यातून परत आलेली पोळीची घडी, भाजीसकट. खारीचा चुरा. रात्री भांडी घासायच्या आधी पातेल्यातला शेवटचा भात, "दोनच घास". आम्ही दोघींनी मिळून अंदाज काढला, तेव्हा रोजच्या तीन-साडेतीन पोळ्यांइतका ऐवज निघाला, वर तीन-चार चमचे साखर.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे हे म्हणतात तेच खरं. मी चोरूनच खाते."

"नाही," मी म्हटलं. "चोर लपवतो. तुम्ही मोजलंच नाही, कारण तुमच्या लेखी ते खाणं नव्हतंच, काम होतं."

मग मी विचारलं, "बसून जेवता तेव्हा पोट भरतं का?"

"कसं भरणार? दुसरी भाकरी घ्यायला हात जात नाही. हे बघत असतात."

कोडं तिथे सुटलं. १६ वर्षांत मला उमगलेली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे असं मी मानते. ताटावरून अर्धपोटी उठवलं की माणूस ओट्याशी जाऊन जेवतो. बंदी जितकी कडक, तितकं खाणं नजरेआड जातं. आणि नजरेआड गेलेल्या खाण्याला माप नसतं. आम्ही समुपदेशक माणसाच्या बोलण्यातला हट्टाचा 'च' शोधतो. भात बंदच. गोड नाहीच. अन्न टाकायचं नाहीच. त्यातला पहिला 'च' ताईंना उपाशी ठेवत होता आणि शेवटचा त्यांना उरलंसुरलं खायला लावत होता. दोन्हींच्या मध्ये त्या भरडल्या जात होत्या. साखरेशी त्यांचं भांडण नंतरचं, आधीचं भांडण स्वतःच्या भुकेशी होतं.

पुढच्या भेटीत मी एकच काम दिलं. काहीही बंद करायचं नाही. जे खायचं ते ताटलीत घेऊन, बसून खायचं. दोनच घास असले तरी. वहीत दोन रकाने करायचे, 'बसून' आणि 'उभ्याने'.

आठ दिवसांनी उभ्याचा रकाना निम्मा झाला होता. ताटली घ्या, पाट मांडा, बसा, हे करताना आपल्याला भूक आहे की नाही हे कळतंच. जिथे खरी भूक होती तिथे आम्ही ताट वाढवलं. आधी कोशिंबीर आणि उसळ, वाटी भरून, मटकी, मूग, चवळी, जे घरात असेल ते. मग भाकरी. शेवटी एक छोटी वाटी भात वरण घालून, सगळ्यांदेखत. भाज्या आणि डाळी आधी पोटात गेल्या की नंतरच्या भाताची साखर रक्तात हळू चढते. ताईंचा विश्वास बसेना, म्हणून घरच्या ग्लुकोमीटरवर तीन-तीनदा करून पाहिलं. तेवढंच जेवण, भात आधी घेतला तर दोन तासांनी २१० च्या आसपास, उसळ आधी घेतली तर १७५-१८०. जेवणानंतर अंगणात १५ मिनिटं फेऱ्या मारल्या त्या दिवशी आणखी कमी. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा माझ्या दहा व्याख्यानांना भारी पडतो.

भाकरीबद्दल इथेच सांगते, कारण गैरसमज घरोघरी आहे. ज्वारी चांगलीच, पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. हातभर थापलेल्या एका भाकरीत दोन-अडीच फुलक्यांचं पीठ जातं. गुळाचंही तसंच. गूळ आणि साखर रक्तात गेल्यावर फारशी वेगळी वागत नाहीत. साबुदाणा तर जवळजवळ नुसता स्टार्च, त्यामुळे उपासाच्या दिवशी साखर कमी होईल ही आशा खिचडीच्या पहिल्या वाटीत संपते. ताई दोन्ही एकादशा करायच्या आणि एकदा दुपारी घाम फुटून हातपाय कापले होते, त्याला त्या 'पित्त' म्हणत होत्या. त्यांना इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू होती. अशा गोळ्यांवर उपाशी राहिलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि उपास करायचा की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

मिस्टरांशी मी वेगळी बोलले. "तुम्ही ताटावर लक्ष ठेवता, ते काळजीपोटीच. पण लक्ष ताटावर राहिलं आणि जेवण ओट्यावर गेलं." ते गप्प झाले. मग म्हणाले, "मी काय करू?" मी म्हटलं, "जेवणं झाली की पातेली तुम्ही आवरा." ३४ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या गृहस्थांनी ते मनावर घेतलं. उरलेला भात डब्यात भरून फ्रीजमध्ये. पोळीचे तुकडे गच्चीवर कावळ्या-चिमण्यांना. आठवडाभरातच त्यांनी सुनेला सांगितलं की कुकरला एक वाटी तांदूळ जास्त पडतोय. तो कित्येक वर्षं रोज जास्त पडत होता, आणि ताई तो रोज संपवत होत्या.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं आलं. त्यांतल्या कितीतरी घरांत एक बाई शेवटी जेवत असेल. म्हणून आता तक्ता काढायच्या आधी मी प्रत्येकीला, आणि हो, प्रत्येकालाही, विचारते: घरात उरलेलं कोण संपवतं?

गोळ्या त्याच राहिल्या. तीन महिन्यांनी ताईंचं एचबीएवनसी ७.७ आलं, सहा महिन्यांनी ७.२. शेवटच्या भेटीत त्यांनी वही उघडून दाखवली. 'उभ्याने'चा रकाना पंधरा दिवस कोरा होता. सोळाव्या दिवशी एक ओळ होती: 'पेढा, अर्धा. नातवाला चित्रकलेत बक्षीस.'

"हा पण बसून खायला हवा होता," त्या म्हणाल्या. "पण तो दारातूनच ओरडत आला हो."