वारा सरळ वाहतो, मग वाळूची टेकडी चंद्रकोरीसारखी का होते?

तुमचा प्रश्न आहे की वारा एकाच दिशेने सरळ वाहत असताना वाळूच्या टेकडीला कोरीचा आकार कसा येतो आणि कोरीची टोकं कुठल्या बाजूला असतात.

मी नववीला भूगोल शिकवते. बारखाणाची, म्हणजे अशा चंद्रकोरीसारख्या टेकडीची, आकृती काढताना दरवर्षी बरीच मुलं वाऱ्याचा बाण उलटा काढतात. त्यांना वाटतं, वारा कोरीच्या पोटात शिरून तिथली वाळू उकरून नेतो. खरं तर वारा येतो तो फुगीर पाठीवर. टोकं असतात पुढे, वारा जातो त्या दिशेला.

हे मला नीट कळलं ते जैसलमेरच्या पश्चिमेला, सम गावाजवळच्या टेकड्यांवर. एप्रिल महिना, दुपारनंतर नैर्ऋत्येचा वारा सुटलेला. वाऱ्याकडच्या उतारावर वाळू घट्ट बसलेली, पाय फारसा रुतत नव्हता. घोट्यांना मात्र सारखं टोचत होतं, कारण वाळूचे दाणे धुळीसारखे वर तरंगत नाहीत, ते जमिनीलगत उड्या मारत जातात. एक दाणा पडतो, तो पडताना आणखी दोन-चार दाण्यांना उडवतो. माथ्यावर आडवी होऊन मी पलीकडे पाहत राहिले. तिथे वारा जमीन सोडून पुढे निघून जातो, आडोसा तयार होतो आणि दाणे कडेलाच पडतात. वाळू साठत साठत उतार 32 ते 34 अंशांपर्यंत चढला की वरून एक जीभ सुटते आणि सरसर खाली घसरते. त्या बाजूने उतरले तर पाय पोटरीपर्यंत आत.

म्हणजे मागची वाळू पुढे टाकत अख्खी टेकडी सरकते. आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. टेकडी जितकी उंच, तितकी तिला एक पाऊल पुढे जायला जास्त वाळू हलवावी लागते. त्यामुळे सहा मीटरची टेकडी जितकी सरकते, त्याच्या साधारण दुप्पट तीन मीटरची सरकते. हाच नियम एकाच टेकडीच्या भागांना लावून बघा. मध्य उंच म्हणून मागे राहतो, कडा बुटक्या म्हणून पुढे पळतात. झाली चंद्रकोर!

मग टोकं पळत पळत तुटून का जात नाहीत? कारण मधली थोडी वाळू उतारावरून सतत कडांकडेही सरकत असते आणि टोकांना ती पुरते. टोकांना घसरणीचा उतार नसतो, म्हणून तिथे वाळू अडत नाही, वाऱ्याबरोबर पुढे निसटते. तीच पुढच्या टेकडीला मिळते. पेरूमधल्या ला होयाच्या सपाट पठारावर अशा कोरींची रांगच्या रांग आहे आणि त्या वर्षाला साधारण 15 ते 30 मीटर चालतात. पण त्यासाठी जमीन कडक हवी, वाळू मोजकीच हवी आणि वारा बहुतेक एकाच दिशेचा हवा. वाळू भरपूर असली की कोरी एकमेकींना चिकटून लांबच लांब आडव्या रांगा होतात.

ब्रिटिश सैन्यातले इंजिनिअर राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात फिरून आणि कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून हे सगळं मोजलं आणि 1941 मध्ये पुस्तकात मांडलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाहून जाणारी वाळू सुमारे आठपट होते, हे त्यांचंच गणित. म्हणून वर्षातले थोडेच वादळी दिवस बहुतेक काम उरकतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. थरच्या वाळवंटात, विशेषतः जरा जास्त पाऊस पडतो तिकडे, उलट्या कोरीही भरपूर आहेत. तिथे बुटक्या कडांवर फोगाची झुडपं आणि सेवण गवत वाळू धरून ठेवतं, त्यामुळे कडा मागे अडकतात आणि उघडा मध्यच पुढे निघून जातो. टोकं वाऱ्याकडे तोंड करून राहतात. त्यामुळे हल्ली कुणी उलटा बाण काढला की मी लगेच खोडत नाही. आधी विचारते, तुझ्या टेकडीवर झुडपं कुठे आहेत?