दोन गंगूबाई, एक कपाट

प्रश्न : सिस्टर, अंबाजोगाईजवळच्या एका वृद्धाश्रमात मी कामाला आहे. 22 आजी-आजोबा, औषधांचं कपाट एकच. कुणाची गोळी कुठली, मला तोंडपाठ आहे. पण मी सुट्टीवर गेले की घोळ होतो. शिवाय उन्हाळ्यात लाईट गेली की इन्सुलिनचं काय करावं?

उत्तर : बाई, ते तोंडपाठच घात करतं. परभणीत नोकरीला असताना आमच्या वॉर्डात दोन गंगूबाई होत्या. एकीची शुगरची गोळी रात्री दुसरीच्या हातावर ठेवली ती मीच. पहाटे बाई घामाने चिंब, बोलणं बरळल्यासारखं. ग्लुकोजची सलाईन लावली, निभावलं. तेव्हापासून माझ्या डब्यांवर नुसतं नाव नसायचं. पूर्ण नाव, गाव आणि फोटो. खाटेचा नंबर लिहू नका, खाटा बदलतात.

स्ट्रिप कापून, गोळ्या सुट्या करून डब्यात भरू नका. औषधाचं नाव आणि एक्स्पायरी बहुतेक वेळा एकाच टोकाला असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या. मेडिकलवाल्याने कापून चारच गोळ्या दिल्या, तर पाकिटावर नाव, तारीख त्याच्याकडूनच लिहून घ्या. तो कुरकुर करील, करू द्या. आणि स्ट्रिपवर बॉलपेनने लिहू नका, टोकाने फॉइलला भोक पडतं नि गोळी दमट होते. मार्कर वापरा.

कुणाला सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तो डबा वेगळाच ठेवा. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. डब्यावर ठळक वार लिहा. रोज दिली तर जिवावर बेततं.

इन्सुलिन : न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठली की वितळली तरी फेकायची. फोडलेल्या बाटलीवर फोडल्याची तारीख टाका. बहुतेक इन्सुलिन नंतर 28 दिवसच वापरतात, तरी सोबतचा कागद वाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या वर, लाईटचा भरवसा नाही. अशा वेळी मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधे वाळू, ती ओली ठेवायची. बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात, वरून ओलं फडकं, आणि मडकं सावलीत, वाऱ्याला. फ्रीजइतकं गार होत नाही, पण उन्हाळा निघतो.

राहिलं एक. कुणी आजोबा गेले की नातेवाईक उरलेल्या गोळ्या "कुणाला तरी द्या" म्हणून ठेवून जातात. महागड्या असतात, जीव तुटतो. तरी त्या तुमच्या कपाटात ठेवू नका.