कार्बनच्या पातळ थराची घनता आणि घटक कसे मोजावेत?

अंबड औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारखान्यात पंचांवर (पत्र्याला छिद्र पाडणाऱ्या किंवा आकार देणाऱ्या अवजारांवर) हिऱ्यासारख्या कार्बनचा थर देऊन घेतला जातो आणि त्याची घनता व त्यातील हायड्रोजन मोजायचा आहे, असे आपण विचारले आहे. पंचावरच मोजण्याचा आग्रह धरू नये. थर देताना त्याच कक्षात गुळगुळीत सिलिकॉनचा तुकडा ठेवावा आणि त्यावर क्ष-किरण परावर्तनाची चाचणी करावी, कारण ज्या कोनापुढे परावर्तन झपाट्याने घसरते त्यावरून घनता थेट काढता येते. मात्र त्यासाठी थर सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा पातळ हवा. तो एक मायक्रॉनचा असल्यास थर देण्यापूर्वीच्या व नंतरच्या वजनातील फरक मोजावा: १० चौरस सेंटीमीटरवर, घनता २ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर धरल्यास, जेमतेम २ मिलिग्रॅम भर पडते, म्हणजे साधा काटा इथे निरुपयोगीच. ग्राफाइटची घनता २.२६ आणि हिऱ्याची ३.५१ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर असते. आपला आकडा ग्राफाइटपेक्षाही बराच खाली आला, तर हायड्रोजन भरपूर असल्याची शंका घ्यावी. हायड्रोजन हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या क्ष-किरण विश्लेषकाला दिसतच नाही, त्यामुळे त्या अहवालातील ‘कार्बन १०० टक्के’ हा आकडा फसवा ठरू शकतो. त्यासाठी जड आयनांच्या माऱ्याने हायड्रोजनचे अणू बाहेर उडवून मोजणारी चाचणी लागते, आणि ती कण-त्वरक असलेल्या संशोधन संस्थेतच होते.