तुझ्या मुरारजींवरच्या लेखाबद्दल

चि.
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख काल रात्री वाचला. दुसऱ्याच ओळीत ‘नराधम’ आलाय, तो खोड. मुरारजी देसाईंना माफ करावंस म्हणून नव्हे. असा शब्द भेटला की वाचणारा एकतर मान डोलावतो नाहीतर पान उलटतो, विचार काही करत नाही. स्वमूत्र पिण्याचा परिच्छेदही काढ. तो विनोद माझ्या तरुणपणीच शिळा झाला होता.

गोळीबार मात्र सौम्य करू नकोस. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा माणसं मेली. दोन्ही वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच. पण १०६ हुतात्मे तू सरसकट त्यांच्या नावावर टाकलेस. तो आकडा सगळ्या लढ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी-गुजराती एकत्र राज्याचे, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि चळवळ पुढे १९६० पर्यंत चालली. अशी एक चूक सापडली की समोरचा उरलेला लेखही निकालात काढतो.

‘प्रतिगामी’ म्हटलंयस. बरं. मग कुळकायद्याचं काय करशील? १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आला तेव्हा खेर मंत्रिमंडळात महसूल खातं मुरारजींकडे होतं. त्याच कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कोकणात कूळ असलेले माझे आजोबा कसत्या जमिनीचे मालक झाले. ३२ म चं, म्हणजे जमीन खरेदीचं, सर्टिफिकेट आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे, घड्यांवर फाटलेलं. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जायचे आणि तो कागदही जपायचे. दोन्ही एका घरात नांदत होतं.

खरी गोम त्यांच्या कर्मठपणात आहे. स्वतःला घातलेला नियम सगळ्यांनी पाळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. दारूबंदी त्यातलीच. अर्थमंत्री असताना १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं, नवे दागिने १४ कॅरेटच्या वर नकोत म्हणाले. लोकांचा सोन्याचा सोस सुटला नाही, पेढीवाले तगले. घरात शेगडी फुंकणारा सोनार मात्र बेकार झाला. नियम कुणाच्या ताटातून घास काढतो, हे त्यांना दिसत नसे. तुझ्या लेखात हे नाही, आणि मला ते गोळीबाराइतकंच बोलकं वाटतं.

तोच हट्ट आणीबाणीत कामी आला. एकोणीस महिने स्थानबद्ध राहिले, वाकले नाहीत. ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आज ‘अंतर्गत अशांतता’ म्हणून आणीबाणी लादता येत नाही, युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव हेच कारण लागतं. जगण्याचा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. याला तू अर्धी ओळ दिलीस. कंजुषी झाली.

म्हणून मी त्यांना थोर म्हणणार नाही. समोर इंदिरा गांधी असताना न वाकणं वेगळं, आणि समोर आपलीच रयत असताना न वाकणं वेगळं. या दुसऱ्या न वाकण्याची किंमत लोकांनी मोजली.

आता एक काम कर. जानेवारी १९५६ च्या वर्तमानपत्रांच्या फायली ग्रंथालयात बसून स्वतः चाळ. मेलेल्यांची नावं, वयं, धंदे वहीत उतरव. लेख तिथून सुरू कर आणि शुक्रवारी घेऊन ये.