पाण्यात बंद पडलेली बाईक: सेल्फ मारायच्या आधी हे करा

तुम्ही लिहिलंय की पाणी सीटच्या जवळपास होतं, गाडी मधेच बंद पडली, ढकलत बाहेर काढली आणि आता सेल्फ मारून बघू का. नका मारू प्लीज. किक पण नको आणि धक्का मारून गियर टाकायचं तर अजिबातच नको.

कारण असं की इंजिन हवा आत खेचतं आणि एअर फिल्टरचा डबा पाण्याखाली गेला असेल तर हवेच्या जागी पाणी खेचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना त्या पाण्यावर अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर) येतो, तो वाकला की इंजिन पूर्ण खोलावं लागतं. पाण्यात बंद पडताना वाचलेलं इंजिन बाहेर आल्यावर घाईघाईत सेल्फ मारल्यामुळे जातं, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं कारण ते टाळता येतं.

आधी एअर फिल्टर उघडून बघा. आतली बाजू कोरडी असेल तर बहुतेक वाचलात. ओली असेल तर इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा (इग्निशन बंद ठेवूनच), गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गियर टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून जोरात बाहेर येतं, तोंड लांब ठेवा. पाणी यायचं थांबेपर्यंत फिरवत राहा, मग प्लग पुसून कोरडा करा, त्याची कॅप आतून सुकवा. फिल्टर कागदी असेल तर नवीनच टाका, फोमचा असेल तर धुवून वाळवून चालतो.

पण तरीही लगेच स्टार्ट करायची नाही, आधी ऑइल बघा. इंजिनवरच्या छोट्या काचेतून किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ते दुधाच्या चहासारखं दिसलं म्हणजे पाणी मिसळलंय, आणि अशा ऑइलवर इंजिन चालवलं की आतल्या बेअरिंगची वाट लागते. ऑइल नॉर्मल दिसलं तरी गाडी थोडा वेळ उभी ठेवून ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) हळूहळू सैल करा, पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आलं तर आधी तेच येतं. पाणी निघालं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, काही मिनिटं इंजिन चालवून परत बदला. दुसऱ्यांदाही दुधाळ झालं तर तिसऱ्यांदा, यात कंजुषी करू नका. महागडं ऑइल पहिल्या वेळी नको, ते कसंही फेकायचंच आहे.

इंजिन चालवायच्या आधी पेट्रोलही बघा, त्यातही पाणी तळाशी जातं. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असेल तर खालचा ड्रेन स्क्रू उघडून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या, खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करायची. फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर टाकीतून काढून बघावं लागतं, आणि पाणी निघालं तर पंप चालवायच्या आधी टाकी साफ झालीच पाहिजे.

बाकी गोष्टी सोप्या आहेत पण त्याच दिवशी करा. चेन धुवून, सुकवून ल्यूब. ड्रम ब्रेक असेल तर पाणी आतच राहतं आणि ब्रेक लागतच नाही, म्हणून मोकळ्या जागी हळू चालवत हलका ब्रेक दाबून ठेवा, लायनर गरम होऊन सुकतात, त्याआधी ट्रॅफिकमध्ये जाऊ नका. वायरिंगचे कनेक्टर उघडून सुकवा. पाणी समुद्राचं असेल तर हे सगळं सोडून आधी गोड्या पाण्याने धुवा, फक्त प्रेशरची धार बेअरिंगवर मारू नका.

आणि बेअरिंग. चालून गरम झालेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतात) थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, त्या दिवशी काहीच कळत नाही, काही आठवड्यांनी आवाज सुरू होतो. म्हणून महिनाभर अधूनमधून चाक उचलून वर-खाली धरून हलवा, हाताने फिरवून बघा, खरखर किंवा प्ले (ढिलेपणा) लागला तर लगेच बदला. कोनसेटचंही (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचंही) तसंच, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, मधे कुठे अडकल्यासारखं लागलं तर तो उघडून ग्रीस करून घ्या.