लाकूडविज्ञान घ्यायचं तर गणित सोडू नकोस

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर लाकूडविज्ञानाकडे वळायचं तुझ्या मनात आहे. गणित जड जातं, म्हणून ते सोडून फक्त जीवशास्त्र ठेवलं तर चालेल का, असं तू विचारतेस. माझं उत्तर नाही असंच आहे. कारण पाइनच्या एका खोडातच सापडेल.

हे खोड आडवं कापलं की भेंडाजवळची, म्हणजे खोडाच्या अगदी मधल्या मऊ भागाजवळची, पहिली १० ते २० वलयं म्हणजे कोवळं लाकूड. त्यातले ट्रॅकीड, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या लांबट पेशी, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचे असतात. सालीकडे जाताना त्यांची लांबी वाढत जाते आणि तीन-चार मिलिमीटरच्या आसपास स्थिरावते. सानिओ या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाइनमध्ये हे मोजून १८७२ मध्येच मांडलं होतं. शेंड्याकडे वलयंच कमी, म्हणून तिथला ओंडका जवळजवळ सगळा कोवळा.

मला मात्र सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो तो पेशीभित्तीतल्या सेल्युलोज तंतूंचा कोन. बाहेरच्या पक्व लाकडात हे तंतू पेशीच्या लांबीला साधारण १० ते १५ अंशांनी कललेले असतात, भेंडाजवळ बहुधा ३० अंशांहून जास्त. त्यामुळे आतलं लाकूड कमी ताठ असतं आणि वाळताना लांबीतही आकसतं. पक्व लाकूड लांबीत जवळपास आकसतच नाही. आता एकाच फळीची एक कड भेंडाकडची नि दुसरी सालीकडची असेल, तर ती वाळताना वाकणारच. किती वाकेल, हे गणिताशिवाय कसं सांगशील?

कललेल्या पाइनच्या खालच्या बाजूला लिग्निन, म्हणजे पेशीभित्ती कडक करणारं द्रव्य, जास्त असलेलं वेगळंच लाकूड तयार होतं, तेही असंच त्रास देतं.

कामाच्या संधीही इथूनच निघतात. लागवडीतली झाडं लवकर वाढतात, लवकर तोडली जातात, म्हणून कोवळ्या लाकडाचा वाटा वाढतो. ओंडक्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता, यावरून ताठरपणा काढून ओंडके निवडता येतात. वाणसुधार, लाकडाची प्रतवारी, लाकडी बांधकामाची रचना, सगळीकडे ही मोजमापं समजणारी माणसं लागतात.

वनशास्त्राची पदवी घे किंवा पदार्थ अभियांत्रिकीची, नंतर लाकूडविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून पक्कं कर.

गणितातला नेमका कुठला भाग अडतो, ते पुढच्या पत्रात लिही. त्रिकोणमिती असेल तर तिथूनच सुरुवात करू.