वाचकांचे प्रश्न : ५२ किलोमीटर उडूनही सिल्व्हर बॅज का नाही?

प्रश्न : मी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये शिकलो. सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असून येथील एका क्लबात के-८ ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवतो. गेल्या उन्हाळ्यात ग्लायडिंगमधल्या सिल्व्हर बॅजला लागणाऱ्या अंतरासाठी टो-विमानामागे ३,००० फुटांवर जाऊन दोर सोडला आणि ५२ किलोमीटरवरच्या, आमच्या मैदानापेक्षा ६० मीटर खाली असलेल्या क्लबात सुखरूप उतरलो. तरीही निरीक्षकांनी उड्डाण मान्य केले नाही. असे का? यंदा तयारी कशी करावी?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : निरीक्षकांचे बरोबर आहे, आणि चूक उड्डाणात नसून दोर सोडण्याच्या उंचीत आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) नियमानुसार सिल्व्हर बॅजसाठी तीन गोष्टी लागतात : ५० किलोमीटर अंतर, ५ तास हवेत राहणे आणि १,००० मीटर उंची कमावणे. मात्र १०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला आणखी एक अट आहे. प्रारंभ आणि शेवट यांच्या उंचीतला फरक कापलेल्या अंतराच्या एक टक्क्याहून अधिक असता कामा नये. ५२ किलोमीटरला ही मर्यादा ५२० मीटर होते. आपण सुमारे ९१५ मीटरवर सुटलात आणि आणखी ६० मीटर खाली उतरलात, म्हणजे ९७५ मीटर गमावलेत.

अट जाचक वाटेल, पण तिच्यामागचा हिशेब सरळ आहे. एक टक्का म्हणजे शंभरास एक असा उतार, आणि इतक्या अलगद उतारावर केवळ घसरत जाणारे ग्लायडर अजून बनलेले नाही. आपले के-८ तर स्थिर हवेत एक मीटर उंची देऊन जेमतेम २७ मीटर पुढे जाते. ५२० मीटरांत त्याचा पल्ला १४ किलोमीटरांचा. उरलेले ३८ किलोमीटर थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उबदार हवेत, घिरट्या घालूनच मिळवावे लागतात, आणि बॅज नेमका त्या कसबाचा आहे. टो-विमानाने दिलेली उंची त्यात धरायची नाही.

म्हणून यंदाच्या तयारीचा पहिला निर्णय जमिनीवरच घ्या : सुटायचे कुठे? १,५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर, हा आकडा सुरक्षित वाटतो. पण त्यात मैदानांमधला ६० मीटरांचा फरक मिळवला की ५१७ होतात आणि मर्यादेपर्यंत उरतात ३ मीटर. एवढ्यावर कोणी विसंबू नये. विंचवरून (जमिनीवरून दोर ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्रावरून) १,२०० ते १,३०० फुटांवर सुटणे उत्तम, आणि विंच तर आपल्याला हडपसरपासून परिचयाची असेल. हवा साथ देत नसेल तर खाली येऊन पुन्हा रांगेत उभे राहावे. त्यात कमीपणा नाही.

उंचीच्या अटीलाही हीच युक्ती उपयोगी पडते. कमाई सुटल्यानंतरच्या नीचांकापासून पुढच्या उच्चांकापर्यंत मोजतात. ४०० मीटरवरून चढायला लागलात तर १,४०० मीटर, म्हणजे साधारण ४,६०० फूट पुरतात, आणि इंग्लंडच्या चांगल्या दिवशी ढगांचा तळ त्याच्या वर असतो. ९१५ मीटरच्या खाली न येता तेवढेच कमवायचे तर ढग ६,३०० फुटांच्याही वर हवेत. तसे दिवस तेथे मोजकेच.

५० किलोमीटरांसाठी शक्यतो वाऱ्याच्या दिशेने जावे, परंतु वाटेत शेतात उतरण्याची मनाची तयारी आधी करावी. पायलटांची चलबिचल मला येथेच अधिक दिसते : समोरचे एअरफील्ड गाठता येईल या आशेवर शेत निवडायचे लांबते आणि मग उंचीच उरत नाही. २,००० फुटांवर परिसर, १,५०० फुटांवर शेत आणि १,००० फुटांवर सर्किट (उतरण्यापूर्वीची फेरी), हा क्रम मोटार-ग्लायडरमध्ये (इंजिन असलेल्या ग्लायडरमध्ये) प्रशिक्षकासोबत अनेकदा घोटून घ्या. ऑगस्टमधले कापणी झालेले, सपाट, वाऱ्याला सामोरे शेत चांगले. उभे पीक, गुरे आणि तारा टाळाव्यात. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, तेव्हा नजर खांबांवर ठेवा. शेतातून ग्लायडर परत नेण्यासाठी ट्रेलर ओढायला कोण येणार, हे त्या सकाळीच ठरलेले असावे.

पाच तासांचे उड्डाण मात्र वेगळ्या दिवशी करावे, असे माझे मत आहे. एकाच उड्डाणात तिन्ही अटी पूर्ण करण्यास नियमांची आडकाठी नाही, पण पहिल्यांदाच इतके सगळे डोक्यावर घेणाऱ्याचे लक्ष विभागते. श्रॉपशरमधील लाँग मिंड किंवा यॉर्कशरमधील सटन बँक येथे पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि त्यावर तासन्‌तास तरंगता येते. वेळ दोर सुटल्यापासून मोजतात, म्हणून सव्वापाच तास पुरे होईपर्यंत उतरू नका. टोपी, पाणी आणि लघवीची पिशवी हवीच. पाणी टाळून लघवी टाळणारा पायलट चौथ्या तासाला डोकेदुखीने खाली येतो. उड्डाणापूर्वी उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या रेकॉर्डरची बॅटरी तपासून ठेवा, कारण नोंद मध्येच तुटली तर निरीक्षकांच्या हाती पडताळायला काहीच राहत नाही.